चाल कोणाची?

माझा पेशा कारकुनीचा. एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षे फायलींना फीत बांधली, आणि त्या फितीतून जो काही वेळ निसटला त्यात चार संगीत नाटके लिहिली. लिहिली म्हणजे काय, तर गद्य लिहिले, पदे रचली, पदांना चाली लावल्या, तालमीत पेटी वाजविली आणि ऐन प्रयोगाच्या रात्री आमचा साथीदार तापाने फणफणला तेव्हा पायपेटीवरही मीच बसलो. चारही नाटके आमच्या सांगलीच्या हौशी मंडळींनी केली. धंदेवाईक मंडळी त्यांच्या वाटेस गेली नाहीत, आणि आता मागे वळून पाहताना त्या मंडळींच्या शहाणपणाबद्दल मला आदरच वाटतो!

तरीही कुठे लग्नमुंजीत भेट झाली की कोणी ना कोणी मला हटकतोच. "काय हो, तुम्ही नाटकातली पदं करता म्हणे! मग आधी शब्द सुचतात की आधी चाल?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची फारशी गरज नसते, त्याचे लक्ष जिलबीच्या ताटाकडे असते. म्हणून मीही "कधी हे, कधी ते" असे म्हणून वेळ मारून नेतो. पण दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाचे ताट शेजारी ठेवूनही वाचण्याची सवय असते. तेव्हा आज जरा सविस्तर सांगतो. त्यात एक कबुलीजबाबही द्यायचा आहे.

संगीत नाटक लिहिणाऱ्या कारकुनाला धीर देणारा एकच देव आहे, तो म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली, आणि अण्णासाहेबांचा जन्मही १८४३ चाच. भाव्यांच्या नाटकात पदे म्हणायची ती सूत्रधाराने. सीतेला दुःख झाले तरी गायचे सूत्रधाराने, रावणाला राग आला तरी गायचे सूत्रधारानेच! ज्याचे दुःख त्याच्याच गळ्यातून गाववावे, हे अण्णासाहेबांनी करून दाखविले. ते पुण्यात रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा खेळ त्यांनी पाहिला, आपल्या भाषेत असे का होऊ नये ही रुखरुख त्यांना लागली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. सूत्रधाराचे काम स्वतः अण्णासाहेबांनीच केले. मग १८८२ मध्ये 'सौभद्र' आले आणि बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने सुभद्रा घराघरांत पोहोचली. १८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेब गेले. वय अवघे बेचाळीस. म्हणजे ज्या नाटककर्तृत्वावर पुढची सारी संगीत रंगभूमी उभी राहिली, ते सगळे पाच वर्षांत आटोपले. मी तेहतीस वर्षांत काय केले हे वर सांगितलेच आहे.

पण अण्णासाहेबांच्या नाटकांची जुनी पुस्तके चाळताना मला सर्वांत मोठे वाटते ते वेगळेच. पदाच्या डोक्यावर, बारीक टाइपात, 'चाल' असा शब्द असतो आणि पुढे ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे पहिले शब्द. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे कामदा, कुठे अंजनीगीत, कुठे लावणी, कुठे कर्नाटकातली एखादी गोड चाल. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, कानडी त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेली. ज्या वाटेने चाल आली ती वाट त्यांनी छापून टाकली. घरात दागिना शेजारणीकडून मागून आणला तर तसे सांगावे, इतका साधा हा व्यवहार. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे शिष्य. त्यांचे हरिपूर आमच्या सांगलीहून पायी जाण्याच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमाशी. त्यांच्या 'शारदे'तही (१८९९) हीच रीत.

पुढे काळ बदलला. १९११ च्या 'मानापमाना'त खाडिलकरांनी पदे लिहिली आणि चाली आणल्या गोविंदराव टेंब्यांनी. १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी अस्सल खानदानी चिजा पुढे ठेवल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर शब्द बसविले. तेव्हापासून नाटककार आणि संगीतकार अशी दोन माणसे झाली. पुढे १९६४ च्या 'मत्स्यगंधे'त वसंत कानेटकर आणि जितेंद्र अभिषेकी, १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'त पुरुषोत्तम दारव्हेकर आणि पुन्हा अभिषेकीच. ही वाटणी चांगलीच झाली. ज्याचे काम त्याने करावे. पण ज्या हौशी मंडळीच्या गंगाजळीत चहाचे पैसे निघताना मारामार, तिला दोन माणसे कोठून परवडणार? म्हणून आमच्याकडे दोन्ही मीच.

आता शब्द आधी की चाल आधी? माझ्यापुरते सांगायचे तर आधी येतो तो प्रसंग. नायिका अशा एका वाक्यापाशी येऊन पोहोचते की त्यापुढे बोलणे शक्य नाही आणि गप्प बसणेही शक्य नाही. तेथे पद. ही जागा चुकली की मग चाल तानसेनाने लावलेली असली तरी प्रेक्षक सुपारी कातरू लागतो. पदाच्या आधीचे गद्य वाक्य हे तर मी पदापेक्षा जास्त वेळा खोडले आहे. त्या वाक्यात पेटीवाल्याला हळूच सूर द्यायचा असतो. वाक्य फार लांबले तर नट सूर विसरतो, फार आखूड झाले तर सूर कानात शिरतच नाही.

मग चाल. चाल आधी आली तर शब्दांना तिच्या मापाचे कपडे घालावे लागतात. लांब सुरावर ऱ्हस्व अक्षर आले की गाणारा ते ताणतो आणि शब्दाचा अर्थ फाटतो. तानेच्या जागी 'आ'कार हवा; तेथे जोडाक्षर ठेवाल तर गाणाऱ्याच्या तोंडात खडा सापडल्यासारखे होते. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा. नवावर विसावा, मग दहा. तो विसावा शब्दाच्या मधोमध पडला तर पद लंगडते. आणि श्वास! माझ्या पहिल्याच नाटकात एका साधूच्या तोंडी "देवा, नको ही माया" अशी ओळ होती. आमच्या साधूबुवांचा दम 'नको'पाशीच संपे. त्यामुळे "देवा नको" असे ठणकावून सांगून ते मोठा श्वास घेत आणि मग सावकाश "ही माया" म्हणत. तिसऱ्या प्रयोगाला पिटातून कोणीतरी ओरडले, "मग भगवी कफनी कशाला घातलीस?" चूक साधूची नव्हती. ओळ मी पेटीसमोर बसून केली होती, आणि पेटीला भाता असतो, छाती नसते.

हे सारे शिकायला मला दहा वर्षे लागली. पण खरी शिकवणी झाली ती १९८६ साली, माझ्या तिसऱ्या नाटकाच्या वेळी. आणि गुरू निघाली आमची आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन मिरजेपलीकडच्या एका खेड्यात गेली, सात वर्षांत विधवा होऊन परत आली, आणि मग आमच्याच घरी राहिली. घरात कोणी तिला काही बोलले नाही, पण तिनेही कधी काही मागितले नाही. पहाटे चारला उठे. जाते तोवर घरातून गेले होते. दळण गिरणीत जाई. पण हात रिकामा राहू नये म्हणून ती तांदूळ निवडत बसे आणि जात्यावरच्या ओव्या म्हणे. मोठ्याने नव्हे, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या स्वप्नात शिरावे इतक्याच आवाजात. त्यातली एक चाल माझ्या इतकी अंगात मुरली होती की तिसऱ्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात, नायिका एकटी नवऱ्याची वाट पाहत बसली आहे, तेथे पद लिहायला घेतले तेव्हा ती चाल आपोआप बोटांत उतरली. मी अर्ध्या तासात पद पुरे केले. इतके सोपे काम मी आयुष्यात केले नव्हते. आणि सोपे झाले म्हणजे ते आपणच केले, असे माणसाला फार चटकन वाटते.

आमच्या मंडळीने जाहिरातीचे कागद छापले. त्यांवर 'लेखन, पदे व संगीत' असे लिहून खाली माझे नाव. टाइप बऱ्यापैकी मोठा होता.

रंगीत तालमीला मी आक्काला घेऊन गेलो. दुसऱ्या अंकातले ते पद सुरू झाले. आमची नायिका बँकेत काम करणारी, गोड गळ्याची मुलगी. तिने मन लावून म्हटले. पण दर चौथ्या चरणापाशी काहीतरी पोकळ वाटे. ओवीचा तो शेवटचा आखूड चरण संपला की चालीतच एक थांबा होता. तेथे ती मुलगी हात चोळत उभी राही, तबलजी इकडेतिकडे पाही, आणि मी पेटीवर काहीतरी भरताड वाजवून ती जागा बुजवीत असे. मला वाटले, मुलीला भाव जमत नाही. तसे मी तिला चारचौघांत बोललोही. तिचे डोळे भरून आले.

घरी येताना टांगा मिळाला नाही. आम्ही चालत निघालो. बराच वेळ आक्का काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरीला उगाच बोललास."

"का? थांब्यावर ती मेल्यासारखी उभी राहते."

"मग काय करील? तिथं मूठ घालायची असते रे."

मला कळेना. ती रस्त्यातच थांबली आणि हाताने दाखवू लागली. जाते फिरते तोवर ओवी चालते. खुंट्याचा एक फेरा, ओवीचा एक चरण. ओवी संपली की डावा हात सुपाकडे जातो, मूठ भरतो आणि जात्याच्या तोंडात घास घालतो. तेवढ्यापुरता गळा थांबतो. "दम तिथंच घ्यायचा. आणि पुढचं काय म्हणायचं तेही तिथंच आठवायचं. तू चाल घेतलीस, पण दळण घेतलं नाहीस. तुझी नटी मूठ कशाची घालणार?"

मी त्या रात्री झोपलो नाही. ज्या थांब्याला मी दोष समजत होतो, त्या थांब्यावर ती सारी चाल उभी होती. दुसऱ्या दिवशी तालमीत नायिकेसमोर देवघरातले तबक ठेवले, त्यात कापूस ठेवला आणि तिला वाती वळायला लावले. चरण चालू असता वात वळायची. चौथा चरण संपला की ती तबकात ठेवायची आणि नवा कापूस उचलायचा. पेटीवरचे माझे भरताड मी काढून टाकले. तेथे आता पूर्ण शांतता. प्रयोगाच्या रात्री त्या शांततेत नाटकगृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. तबकातल्या वातींची संख्या वाढत गेली तशी नवऱ्याला झालेला उशीर आपोआप दिसत गेला. त्यासाठी मी लिहिलेली सहा वाक्ये खोडता आली. पदाला वन्समोअर मिळाला. त्या मुलीची मी आत जाऊन माफी मागितली. तिने ती मोठ्या मनाने दिली.

मला मात्र पडद्यामागे चार जण येऊन म्हणाले, "वा! दुसऱ्या अंकातली ती चाल काय सुरेख बांधलीत!" मी काय म्हणावे? मी म्हणालो, "आपला आशीर्वाद." प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत आक्का बसली होती. ती काही म्हणाली नाही. तिने माझ्याकडे कधी हिशेब मागितलाच नव्हता, तो त्या दिवशी कशाला मागेल? पण घरी आल्यावर पहाटे मला जाग आली तेव्हा शेजारच्या खोलीत तांदूळ निवडण्याचा आवाज येत होता, आणि ओवी नव्हती. चार दिवस नव्हती. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाली. पण ती चाल सोडून बाकीच्या.

हे मी पाच वर्षे मनात ठेवले. १९९१ साली आमच्या मंडळीने ते नाटक पुस्तकरूपाने छापायचे ठरविले, तेव्हा मुद्रिते तपासताना ते पद समोर आले. मी अण्णासाहेबांचे जुने पुस्तक काढले, ती बारीक टाइपातली 'चाल' पाहिली, आणि कागद घेऊन आक्कासमोर जाऊन बसलो. म्हटले, "आक्का, या पदावर तुझं नाव घालतो. 'चाल—' आणि पुढे तुझं नाव."

तिने चष्मा पुसला, पद वाचले. "माझं कशाला? माझी थोडीच आहे! मला सासूबाईंनी शिकवली."

"मग त्यांचं घालू."

यावर ती हसली. तसे हसताना मी तिला फारसे पाहिले नव्हते. "सासूबाईंनी मला दोनच गोष्टी दिल्या. एक ही चाल आणि एक पाटल्या. हे गेले त्या महिन्यात पाटल्या परत घेतल्या."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तीच म्हणाली, "चाल घ्यायची राहिली त्यांची. नाहीतर तीही घेतली असती. पण बसायच्या मात्र माझ्यासमोर, जात्याच्या त्या बाजूला. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. शिव्या देऊन झाल्या की म्हणायच्या, 'म्हण आता.' त्यांना तरी कोणी शिकवली असेल? त्यांच्या सासूनंच. तिनंही काय कमी छळलं असेल?"

मला त्या बाईचे नाव पुस्तकात घालावेसे वाटेना; आणि न घालावे तर पुन्हा मी चोर. मी तसे बोलून दाखविले. आक्का म्हणाली, "नाव नकोच कुणाचं. 'जात्यावरची' असं घाल. म्हणजे सगळ्या आल्या. चांगल्याही आल्या आणि वाईटही."

तसे छापले. 'चाल— जात्यावरची.' पुस्तकाची पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिने बाकीचे नाटक वाचले की नाही, देव जाणे; पण ते पान काढून तिने त्यावरून एकदा बोट फिरविले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो होतो. चारच्या सुमारास ती चाल, पाच वर्षांनी, पुन्हा ऐकू आली.

आक्का जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. आमची मंडळीही विसर्जित झाली. मी नाटके लिहीत नाही. पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. पण दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, सांगलीत भाव्यांच्या नावाचा समारंभ होतो, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतो. तेथे कोणी नव्या पिढीतली मुले भेटतात. 'सौभद्र' त्यांना अजून करून पाहावेसे वाटते, याचा आनंद होतो.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका महाविद्यालयातल्या मुलीचा फोन आला. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात तिला माझ्या नाटकाचे पुस्तक सापडले होते. त्यांना त्यातला दुसरा अंक करायचा होता. परवानगी मी ताबडतोब दिली; इतक्या वर्षांत मागणारे कोणी आलेच नव्हते. मग ती म्हणाली, "काका, एक विचारू? सगळ्या पदांचे राग लिहिलेत, ते कळले. पण एका पदावर नुसतं 'जात्यावरची' असं आहे. ती चाल कुठं मिळेल? मोबाइलवर शोधलं, तर जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी मिळाल्या. त्यातली तुमची कोणती?"

मी म्हटले, "तुझ्याकडे ते आवाज साठवून ठेवायचं यंत्र आहे ना? चालू कर."

आणि फोन कानाशी धरून, फुटक्या आवाजात, दातांची कवळी सांभाळीत, मी ते पद म्हणू लागलो. पहिली ओवी संपली. मी थांबलो. पलीकडून ती पोर काळजीने म्हणाली, "काका? थांबलात का? शब्द आठवत नाहीत का?"

"आठवतात गं," मी म्हटले. "इथं मूठ घालायची असते."